जास्वंदीच्या सहा काड्या

२ मार्च
महिनाअखेर घर सोडायचं. नवा मालक अंगणात गाड्या लावणार, म्हणजे आईची जास्वंद तुटणार. माझ्या जन्माच्या वर्षी तिने लावलेली. आई नुसती झाडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, काळजी करू नकोस, छाटकलमं करून नव्या घरी नेऊ. घरात कॉलेज शिकलेली मी एकटीच. एवढं तरी यायलाच हवं.

३ मार्च
पेन्सिलीएवढ्या जाड सहा काड्या. डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, खाली तिरका काप. तिथल्या पेशी वाढून मुळं फुटतात, असं आईला समजावलं. ती म्हणाली, बरं. सगळ्या एकाच कुंडीत लावल्या. उरलेल्या छाटणीतली एक काटकी मध्ये खोचून पाटी टांगली : हात लावू नये. दादासाठी. त्याला खोड्या फार.

५ मार्च
एक काडी उपटून पाहिली. मुळं नाहीत. परत लावली. तपासणं म्हणजे हात लावणं नव्हे.

६ मार्च, सकाळी
एकीलाच तपासणं बरोबर वाटेना. बाकीच्या पाचही पाहिल्या. आता मन शांत.

१२ मार्च
दोन काड्यांना पानं. आईला ओट्यापासून ओढत आणून दाखवलं. ती हसली. बाबा नव्या घराच्या गॅलरीचं माप घेऊन आले. दादा म्हणाला, प्रोफेसरबाई पास.

१६ मार्च
पानं मलूल. पुस्तकात आहे : मुळं नसली तरी काडीतल्या साठ्यावर पान फुटतं. हे मला माहीत होतं, वेळेवर आठवलं नाही इतकंच. रोजची तपासणी बंद. आता एक दिवसाआड.

२० मार्च
पुस्तक म्हणतं, कोवळी मुळं केसासारखी, काडी हलली की तुटतात. ते धसमुसळ्या लोकांसाठी असणार. मी चमच्याने काढते. आई म्हणाली, अगं, त्यांना जरा स्वस्थ राहू दे की. मी म्हटलं, आई, हे शास्त्र आहे.

२७ मार्च
सहाही काळ्या पडल्या. दादा म्हणाला, पाटी वाचायला हवी होती ती तूच. जेवले नाही. आईने काड्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३० मार्च
सामान बांधताना कुंडी रिकामी करायला घेतली. पाटीच्या काटकीला, पाटीच्या आड, चार पानं, तुकतुकीत. ओढून पाहिली, जागची हलेना. खोचल्यापासून या एका काडीला मी कधी बोट लावलं नव्हतं. म्हणजे कापाची पद्धत माझी बरोबरच होती. आईने कुंडी माझ्या हातातून घेतली.

३१ मार्च, नवं घर
वाटभर कुंडी आईच्या मांडीवर. गॅलरीत ठेवल्यावर मी म्हटलं, मुळं किती लांब झाली, एकदाच बघते. आईला वाचता येत नाही. तिने विचारलं, या पाटीवर काय लिहिलंयस? मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग पाटीचं तोंड माझ्या खाटेकडे फिरवून ती स्वयंपाकघरात गेली.