खालच्या ओळी

मंगळवार, संध्याकाळ, नंदनवन

दुपारी मुंबईच्या ओटीटीवाल्या बाईंचा फोन. आमच्या कुही गावच्या भजनी मंडळावरच्या माझ्या मालिकेचा तयार पहिला भाग त्यांना आवडला. पण गावची बोली कोणाला कळणार नाही, हिंदीत करा, म्हणाल्या. विचार करून सांगतो म्हटलं. विचार कसला करायचा?

घरी आलो तर बायको कोरियन मालिका पाहत, पडद्यावरच्या भाषांतराच्या खालच्या ओळी वाचत डोळे पुसत होती.

"काहून रडून राहिली वं? समजते का तुले त्यायची भाषा?"

"सासू छळून राहिली ना सुनेले! त्याले भाषा कायले पाह्यजे?"

खालच्या ओळी वाचायची सवय हिला ओटीटीनेच लावली. मग आमचीच बोली जड काहून?

बाईंना लगेच कळवलं, बोली बदलणार नाही. खाली हिंदी ओळी लावा. त्यांनी फोन ठेवला. ठेवू देत. एकादशीला पहिला भाग कुहीच्या देवळाच्या भिंतीवर दाखवतो.