तीन कोटेशनं आणि विमानाचे पाय

१ मे. सकाळी सहा.
रिटायर होऊन तीन महिने झाले. आता विमान पूर्ण करायचंच! नऊ वर्षं मागच्या अंगणात स्वतः जोडलंय. फक्त पाय राहिलेत, म्हणजे उतरताना धक्का सोसणारे शॉक स्ट्रट. रबराचे, स्प्रिंगचे की तेल-हवेचे? निवडायला आठवडा पुष्कळ. ३१ जुलैला दिल्लीतलं, लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडायचंय. त्याआधी विमान स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर.

९ मे.
सौ. सुमित्रा विचारते, खुर्च्या कधी मिळणार? विमान आमच्या जेवणाच्या चार खुर्च्यांवर ठेवलंय. दोन वर्षं जमिनीवर जेवतोय. तिचे गुडघे दुखतात. म्हटलं, पहिली फेरी तुझीच. म्हणाली, गुडघे वाकले तर आत बसेन ना!

२० मे.
लेक क्षिप्रा नोएडाहून आली. इंजिनीअर, म्हणून घाई. म्हणे, बाबा, एवढंसं विमान, रबराचे घ्या, रविवारी बसवून टाकू. अगं, चौतीस वर्षं सरकारी खरेदी केलीय मी! तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, मग निर्णय. म्हणाली, अरे यार बाबा, हे घर आहे, मिनिस्ट्री नाही. दुर्लक्ष केलं. फाइल उघडली.

११ जून.
दोन कोटेशनं आली. तिसऱ्याला रिमाइंडर.

२ जुलै.
तिसऱ्याला तिसरा रिमाइंडर. तेवढ्यात पहिल्याची मुदत संपली. नव्याने मागवलं. दिरंगाई त्यांची. माझी फाइल चोख आहे.

१४ जुलै.
जावई गौरवरावांनी मानेसरला एका शेडमध्ये जागा मिळवली, पण २० तारखेपर्यंतच. म्हणाले, चार माणसं लावू, खांद्यावरून टेम्पोपर्यंत नेऊ. शुभ बोल नाऱ्या! चौघांच्या खांद्यावरून काय नेतात, हे जावयाला कोण सांगणार? विमान चाकांवरच जाईल, असं ठणकावलं.

२१ जुलै.
शेडमध्ये दुसऱ्याचा माल आला. आम्ही राहायला जाणार तो नोएडाचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. काही सुचत नाही. सुमित्रा कबाडीवाल्याचा नंबर शोधतेय. त्याचीच जास्त धास्ती वाटते.

३० जुलै.
सुमित्राने कबाडीवाला बोलावला. थांब म्हणणार होतो. पण थांबवून ठेवू कुठे? पंख, शेपटी, सांगाडा, सगळं सुटं करून हातगाडीवर रचलं. हातगाडीला ना स्प्रिंग, ना रबर. तरी गल्लीतल्या खड्ड्यांतून धडधडत व्यवस्थित गेली. मला रडू आलं. सुमित्रा पाठीवर हात ठेवून म्हणाली, चला, आत या.

३१ जुलै. दुपार.
किल्ली द्यायच्या आधी दोघं खुर्च्यांवर बसून जेवलो. वरण-भात. सुमित्राने दोनदा भात घेतला. गुडघ्यांचं नाव काढलं नाही.
हात धुतो तोच तिसरं कोटेशन आलं. तेल-हवेचे, आणि सगळ्यात स्वस्त! म्हणजे थांबलो ते बरोबरच होतं. तक्ता पूर्ण केला. खाली शेरा लिहून सही केली: खरेदीस हरकत नाही.