आबांच्या लॉगिनमध्येच चालतो

सातारा, गुरुवार संध्याकाळ

आबा काहीतरी करतात, आज खात्रीच झाली. वजनकाट्याचा प्रोग्राम जुना, युनिक्स नावाच्या भलत्याच सिस्टिमसाठी बनवलेला. कारखान्याने तो लिनक्स या नव्या सिस्टिमवर आणला. मी लॉगिन केलं की म्हणतो, फाइल सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर आहे! आणि काट्यावरचे आबा, रिटायर्ड हवालदार, त्यांनी लॉगिन केलं की मुकाट चालतो. ते हात मागे बांधून माझी गंमत बघत उभे. हसत होते का?

शेवटी दोन्ही लॉगिन ताडून पाहिली. जुन्या लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या जोडफाइली, कुठे ठेवल्यात ते सांगणारी एक ओळ फक्त आबांच्या लॉगिनमध्ये आहे. माझ्या लॉगिनमध्ये प्रोग्रामला सापडत नव्हत्या त्या याच फाइली. पण ती ओळ आबा लिहितील? छे. सरळ विचारलं.

"तुमच्या आधीच्या कॉम्प्युटरवाल्या सायबांनी घातली. म्हणले, आबा, ही हाय तवर तुमाला कोण काढत न्हाई."

हात अजून मागेच. खरं बोलले, की मला गुंडाळलं? की त्या साहेबाने त्यांनाच?

तेवढ्यात मॅनेजर आत आले. "सापडलं का काही?"

"नाही," मी म्हणालो. तेव्हा लक्षात आलं, माझेही हात मागे बांधलेले होते.