तळ्याकाठचे दोर

१७ ऑक्टोबर १९५६

वादळ येणार! शेजारच्या शालनबाईंचे यजमान, भिमाजी, पिंपरीच्या कारखान्यातून रेडिओवरची बातमी घेऊन आले – परवा सोसाट्याचा वारा. तळं काठोकाठ भरलंय, लाटा घरांपर्यंत येतील म्हणे. मला हसू आलं. रत्नागिरीत समुद्राशेजारी वाढलेली मी, तळ्याच्या लाटांना काय भ्यायचं?

पण छपराचे पत्रे उडतील हे खरं. चिंचवडहून काथ्याचा दोर आणला, स्वतः छपरावर चढले, खाली खुंटीला आवळून टाकला. जूनपासून या शाळेवर आहे; कुणापुढे हात पसरला नाही, आताही नाही.

१८ ऑक्टोबर

संध्याकाळी शालनबाई खांद्यावर दोर घेऊन आल्या. माझं छप्पर पाहिलं आणि तशाच परत गेल्या. काय हवं होतं कोण जाणे!

सगळ्या आळीची छपरं बांधून झाली. एकमेकांच्या छपरांवर चढून हसणं-खिदळणं चाललं होतं. मी दारात उभी. कुणी हाक मारली नाही. इथे मी मेले तरी शाळेची घंटा वाजली नाही म्हणूनच कळेल. फार एकटं वाटतं.

फक्त शालनबाईंचं छप्पर मोकळं. एवढा हलगर्जीपणा!

१९ ऑक्टोबर, दुपार

वारा सुटलाय. लाटा रस्त्यावर. न राहवून शालनबाईंना विचारलं, तुमचं छप्पर अजून मोकळं कसं? खाली बघत म्हणाल्या, "आपलं छप्पर आपन बांधत न्हाई, बाई. शेजारी बांधतो. तुमचं आमी, आमचं तुमी. तुमी तर सोताच बांधलं. आमाला वाटलं, तुमास्नी शेजार नको."

आणि चार महिने मी यांनाच माणूसघाणे समजत होते! लाजेने मेले.

माझ्यासाठी आणलेला त्यांचा दोर आता तळ्यातल्या नावेला लागलाय, नाव फुटू नये म्हणून. उरला एकच – माझ्या छपरावरचा. त्यांच्या घरात तान्हं बाळ आहे.

सोडायला चालले आहे.

२१ ऑक्टोबर

माझे पत्रे तळ्यात गेले. त्यांचं छप्पर शाबूत. परवापासून इथे त्यांच्याकडेच आहे. मांडीवर बाळ, म्हणून अक्षर वाकडं.

"काय लिवताय येवढं?" शालनबाई विचारतात.

पहिल्यापासून वाचून दाखवते आहे.