टॉवर माझ्याच माळावर

२ जानेवारी
कंपनीची जीप आज माळावर आली. वारा मोजायचा खांब रोवला. कुठे? बांधाच्या अलीकडे, माझ्या अर्ध्यात. पलीकडचा अर्धा धाकट्या जावेचा. सासऱ्यांनी वाटणीत उंच बाजू मला दिली, त्यावर तिची रड तीस वर्षं चालू आहे. वर्षभर वारा मोजणार, मग परवानगी, मग एकच पवनचक्की. ज्याच्या जमिनीवर टॉवर, त्याच्या घरातल्या एकाला वॉचमनची कायम नोकरी. म्हणजे मुलगा घरी आला म्हणून समजा. आठ वर्षं दुसऱ्यांच्या मुलखात बर्फाच्या लाद्या उचलतोय. मला काही त्याची आठवण वगैरे येत नाही. छप्पर गळतं, वर चढायला माणूस हवा.
निश्चय: आजपासून कोणावर हात उचलायचा नाही. वॉचमनच्या आईला ते शोभत नाही.

५ जानेवारी
जाऊ बांधावर येऊन म्हणाली, जाऊबाई, वारा काय तुमच्याच बाजूने वाहतो का. मी शांतपणे समजावलं. तिचे दोन दात पडले. हात उचलला नाही, कळशी उचलली. ती भरलेली होती याला मी काय करू? दात तसेही हलत होते.
तिने दगड मारला. माझ्या कपाळाला चार टाके. डॉक्टर म्हणाला, या वयात कशाला. मी म्हटलं, तुम्ही टाके घाला.

१९ जानेवारी
जावेने बांधाचे दगड माझ्या बाजूला सरकवले आहेत. पावलांनी मोजलं, चार पावलं कमी भरली. सून म्हणाली, आई, रागात पावलं लांब पडतात. तिला काय कळतंय. दगड परत पलीकडे टाकले. एक जावेच्या गोठ्याच्या पत्र्यातून आत गेला. गाय वाचली. गाईशी माझं भांडण नाही.

२४ जानेवारी
ठरलं. माळावरच राहायला जायचं. खांबापासून चाळीस पावलांवर अवजारांची दगडी खोली आहे. स्टोव्ह, कांबळं, कोयता, कुऱ्हाड एवढं सामान पुरे. मी वर असले की बांध हलवायची कोणाची छाती होते बघू.
सून कंपनीने वाटलेलं नियमांचं पुस्तक घेऊन मागे लागली. यात घराबद्दल काहीतरी आहे, वाचून दाखवते म्हणाली. मी चौथी पास आहे. मला सगळं वाचता येतं, फक्त वेळ नाही. स्टोव्हला रॉकेल नव्हतं म्हणून तीन दगडांची चूल मांडली, त्या पुस्तकावर एका काडीत पेटली. कागद उंची आहे. कंपनी मोठी दिसते.

२ फेब्रुवारी, सकाळी दहा
हेल्मेटवाला इंजिनीअर वर आला. खोलीत डोकावला, चूल बघितली, आणि तोंड एवढंसं झालं. म्हणाला, आजी, इथे राहू नका. टॉवर माणसांच्या राहत्या घरापासून पाचशे मीटर लांब लागतो, तुम्ही इथे राहिलात तर तुमचीच जागा बाद होईल. मी म्हटलं, बाळा, माझं घर खाली गावात आहे, ही नुसती राखण. तो म्हणाला, आजी, कागदाला राखण कळत नाही, चूल कळते.
जावेने पढवून पाठवलेला. हे ओळखायला चौथीसुद्धा लागत नाही. मी वर राहू नये हेच तर तिला हवंय! लाकूड फेकून मारलं. हेल्मेटला पोचा आला. पोरगा शहाणा, घालून आला होता.

११ मार्च
जावेने वर खाट पाठवली. शिवाय उशी आणि कंदील. निरोप: जाऊबाई, तिथे नीट राहा, आणखी काही लागलं तर सांगा.
शरण आली. दोन दात गेले की माणूस सुधारतं. आधीच पाडायला हवे होते.

८ एप्रिल
जावेचा जावई आला. तालुक्याच्या ऑफिसात क्लार्क आहे. बांधावरूनच ओरडला, काकू, आधी कोयता खाली ठेवा, मग येतो. म्हणाला, तुम्ही इथे राहता तर सरकारदरबारी नोंद हवी, उद्या कोणी हुसकून लावलं तर? बरोबर आहे. फॉर्म त्यानेच भरला. लिहिताना त्याचे खांदे हलत होते. इतकी भीती बरी नाही माणसाला. मी सही केली. अंगठा नाही, पूर्ण सही.

१९ एप्रिल
दारावर घर नंबर लागला. निळा पत्रा, पांढरे आकडे. जावेच्या बाजूला साधी पाटीसुद्धा नाही. मुलाला फोन लावायला सुनेला सांगितलं: सामान बांधायला लाग.
सुनेने फोन परत ठेवून दिला. हल्ली तिला काही सांगण्यात अर्थ नाही.

३ जुलै
इंजिनीअर पुन्हा आला, बांधावरूनच बोलला. सुनावणीत नकाशा लागेल, मी खोली दाखवलेली नाही, तुम्ही फक्त गप्प बसा. निदान ऑगस्टपर्यंत खाली जा म्हणाला.
माझं घर नकाशातून गायब! नंबर असलेलं घर! आता याला सोडत नाही. निश्चय तात्पुरता बाजूला.

१४ ऑगस्ट
सुनावणी. शाळेचा हॉल. मोठे साहेब टेबलामागे, नकाशा फळ्यावर, जाऊ पहिल्या रांगेत नवीन दात लावून. साहेबांनी विचारलं, कोणाची हरकत? मी उठले. माझं घर नकाशात नाही. इंजिनीअर म्हणाला, सर, ती अवजारांची खोली आहे, तिथे कोणी राहत नाही. माझ्यासमोर! माईकचा दांडा हाताशी होता. आज हेल्मेट नव्हतं. त्याला सहा टाके.
दोघांनी मला धरलं. एकाच्या मनगटाला चावले, दुसऱ्याचा चष्मा गेला. गडबडीत खुर्च्या उडाल्या, ग्रामसेवकाचं नाक फुटलं. ते कोणी फोडलं माहीत नाही, मी फोडलेलं असण्याची शक्यता आहे.
साहेबांनी टेबलाआडून तीनदा विचारलं, बाई, तुम्ही तिथे कायम राहता का? तिन्ही वेळा मी ठणकावून सांगितलं, राहते, चूल पेटते, नंबर आहे, मरेन तर तिथेच. लिहून घेतलं. नकाशावर लाल पेनाने चौकोन काढला. जावेने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत आधी.
पोलीस चौकीत चार तास बसवलं. चहा दिला नाही. तरी आजचा दिवस माझा.

२० डिसेंबर
मंजुरीचा कागद आला. सून म्हणाली, मी वाचू का? म्हटलं वाच, गोड बातमी दुसऱ्याच्या तोंडून बरी वाटते.
टॉवर जावेच्या अर्ध्यात. माझ्या खोलीपासून मोजून पाचशे मीटरवर.
कागदात अडथळ्यांची यादी आहे. एक, पडकी विहीर. दोन, घुबडाचं घरटं. तीन, वस्ती, वृद्ध स्त्री. मी घुबडाच्या खाली.
सून रडली. मी नाही. टायपिंगची चूक असणार.

२१ डिसेंबर
घरच नसेल तर अडथळा कसला? पहार घेऊन खोली पाडायला घेतली. तीन भिंती दुपारपर्यंत आडव्या. चौथी माझ्यावर पडली. गळ्याचं हाड मोडलं. निळा पत्रा शाबूत.
इंजिनीअर दवाखान्यात भेटायला आला. कपाळावर माझी खूण आहे. म्हणाला, नकाशावर सही झाली, आता खोली पाडून उपयोग नाही. मी म्हटलं, हे आधी स्पष्ट सांगायला काय झालं होतं? त्याने कपाळावरची खूण चोळली. हल्लीच्या पोरांना बोलताच येत नाही.

६ मे
हाड जुळलं. जावेच्या बाजूला क्रेन आली. निश्चय केला होता की बघायचंसुद्धा नाही. नुसती फिरायला गेले, कोयता सवयीने बरोबर होता. क्रेनच्या टायरला टोक लावून बघितलं. टायर फुटला. त्या हवेने मला चरात फेकलं. पुढचे दोन दात गेले, जावेचे गेले तेच. काम तीन दिवस बंद. तीन दिवस म्हणजे कमी नाही.

२८ सप्टेंबर
मुलाचा फोन. घरी येतोय, नोकरी लागली म्हणाला. वॉचमन, टॉवरवर. जावेला मुलगा नाही, जावयाला सरकारी खुर्ची सोडवत नाही. तिने सांगितलं म्हणे, घरचाच पोरगा आहे, त्यालाच घ्या.
म्हणजे मी पावणेदोन वर्षांपूर्वी ठरवलं होतं तसंच झालं. जागा तेवढी इकडची तिकडे. जावेला वाटत असेल तिने उपकार केले.

९ नोव्हेंबर, दुपारी तीन
आज पाती फिरली. आवाज माझ्या खोलीच्या ढिगाऱ्यापर्यंत येतो. ओच्यात दगड भरून गेले. आठ मारले. सात पोचले नाहीत. आठवा गेटच्या दिव्याला लागला, काच खळकन फुटली.
शिट्टी वाजवत वॉचमन बाहेर आला. खाकी कपडे, टोपी. बारीक झालाय. आधी माझ्या ओच्यातले उरलेले दगड काढून घेतले. मग रजिस्टर काढून उभ्यानेच लिहायला लागला. झाल्या प्रकाराची नोंद करावीच लागते म्हणाला. मी म्हटलं, दाखव. वही हिसकावून वाचली, अक्षर लावत लावत. ‘एका अनोळखी वृद्ध स्त्रीने दगडफेक केली. दिव्याची काच फुटली. समज देऊन सोडले.’
मी म्हटलं, अनोळखी कोण रे? तो म्हणाला, आई, तुझं नाव लिहिलं तर कंपनी केस करते, आणि माझी नोकरी जाते. हळू बोल, कॅमेरा आहे.
हात उचलला होता. खाली घेतला.
समज काही दिली नाही त्याने. गेटच्या पायरीवर मला बसवलं, डबा उघडला, अर्धा झाकणात काढून माझ्यापुढे सरकवला. म्हटलं, सुनेने केलाय का? म्हणाला, नाही, काकूने पाठवलाय, रोज पाठवते.
मीठ कमी होतं. सगळा खाल्ला.