जावळाचे जिग आणि इतर मालमत्ता

मी, विश्वनाथ रामचंद्र टेंबे, वय अडतीस, व्यवसाय सॉफ्टवेअर, मूळ पुण्याचा, हल्ली मुक्काम ओजिमा, तोक्यो, अकरावा मजला, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाशिवाय आणि चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुरुवारी माझं पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. पण सहीला चौदा पानं दिली आणि त्यातली मला फक्त तारीख वाचता आली. तेव्हा सोय केलेली बरी.

१. पुण्याचा फ्लॅट, इथली बचत, विमा, सगळं पत्नी सौ. विभा हिचं. यावर वाद नाही. वाद पुढे आहे.

२. माझी खरी मिळकत म्हणजे कपाटावरचा निळा डबा. त्यात मी स्वतः बांधलेले जिग आहेत. अडाण्यांसाठी खुलासा: शिशाचं डोकं असलेल्या गळावर केस किंवा पिसं दोऱ्याने आवळायची. पाण्यात ते लहान माशासारखं हलतं आणि मोठा मासा फसतो. आम्ही शाकाहारी. त्यामुळे मी मासा धरतो, सॉरी म्हणतो आणि अराकावा नदीत परत सोडतो. हा डबा ऑफिसातला मित्र उदय परचुरे याला द्यावा.

३. सामान निवडताना उदयने डोकं वापरावं. उथळ पाण्याला हरणाच्या शेपटीचे केस, ते पटकन बुडत नाहीत. पिसांसाठी शंभर येनच्या दुकानातला झटकणा पुरतो. लोकर अजिबात नको, पाणी पिऊन ढिम्म बसते. गाठीवर नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. विभाचं नेलपॉलिश दर महिन्याला संपायचं ते यामुळे. ती बाटलीला नावं ठेवायची आणि मी मान डोलवायचो.

४. आमच्या टीममधल्या श्यामला नायलॉनच्या धाग्यांचा न फोडलेला पुडा द्यावा. "केस कसले बांधतोस, न्हावी आहेस का?" असं त्याने भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. त्याला कधीच मासा लागू नये, अशी माझी इच्छा नाही. आहे, थोडी.

५. इमारतीचा कचरा तपासणारे मोरिता-सान यांनी माझी पिशवी तीनदा परत पाठवली. केस जळणारा कचरा, शिसं न जळणारा, गळ धोकादायक, मग अख्खा जिग कुठल्या वारी टाकायचा? त्यांना माझा नमस्कार सांगावा आणि डब्यातलं काहीही फेकू नये.

६. हे कलम विभाला वाचून दाखवू नये. चिरंजीव ओजसचं जावळ आम्ही इथेच काढलं. केस नदीत सोडायचं काम माझ्याकडे होतं. माझी आई, सिंधूताई, दर रविवारी फोनवर विचारते, "विशू, जावळ सोडलंस का रे?" मी म्हणतो, "सोडतोय, आई." हे खोटं नाही. औषधांच्या कपाटात मला केसांची डबी सापडली आणि मला राहवेना. त्यांचे एकोणीस जिग बांधले. आईशप्पथ, असा केस कुठल्याही दुकानात मिळत नाही. रेशमासारखा मऊ, काळाभोर, पाण्यात नुसता जिवंत होतो. वर्षाच्या पोराचे केस वीतभर कसे, हे मला खटकलं नाही. आमच्या घराण्यात वाढ चांगली.

प्रत्येक फेकीला जावळ नदीत जातं, पण मी ते परत ओढतो. असलं विसर्जन कोण करतं? एक जिग मासा घेऊन गेला, तेवढंच पुण्य. उरलेल्या अठरांचे केस सोडवून उदयने गुपचूप नदीत सोडावेत. मला ऑपरेशनची भीती नाही. विभाला हे कळलं तर ती मला कधी माफ करणार नाही, ही भीती मात्र आठवडाभर झोपू देत नाही.

ठिकाण: ओजिमा. दि. १४ नोव्हेंबर २००६.
(सही आणि हांको, म्हणजे इथला नावाचा शिक्का) वि. रा. टेंबे

साक्षीदार:
१. उदय परचुरे (मजकूर न वाचता)
२. सौ. कुमुदिनी परचुरे (मजकूर दोनदा वाचून)

विशू, पाकिटावर 'विभाने उघडू नये' असं लिहिलंस, म्हणून उघडलं. तुझ्याच्याने होणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून ओजसचं जावळ मी त्याच आठवड्यात त्याला बाबागाडीत घालून नेऊन अराकावात सोडलं. आईंना मी आज कळवते. त्या डबीत माझे केस होते. इथे नोकरी लागली तेव्हा कापले आणि टाकवेनात. नऊ वर्षांत माझ्या केसांबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस, आणि इथे मासे, रेशीम, काळेभोर! गुरुवारी मुकाट्याने शुद्धीवर ये. हे मला तोंडावर ऐकायचंय.

— विभा