दीडशेची लेन्स

१७ नोव्हेंबर १९८५, रविवार
निसारनं आज सांगितलं. डार्करूममध्ये, प्रिंट धुता धुता. तोंड दिसू नये म्हणूनच तिथं सांगितलं असणार. पोरगी-जावयाकडं हैदराबादला चाललाय, बिऱ्हाड घेऊन. जावयाचा कलर फोटोंचा स्टुडिओ आहे, त्याला भरवशाचा माणूस पाहिजे. भाभींना नातवंडांत राहायचंय.
मी म्हणालो, "बरं."
चौदा वर्षं एका खोलीत धंदा केला आणि तोंडातून एवढंच निघालं. तो दिवसभर दुकान बघायचा, मी शाळा सुटली की यायचो. आता दिवसभर कुलूप.

१९ नोव्हें., मंगळवार
वाटणी. कॅमेरे दोन, मिळूनच घेतलेले. एकशेवीसचा रोल, बारा चौकोनी फोटो. बॉडी एकेक, ऐंशी मिलिमीटरची साधी लेन्सही एकेक. तिथं वाद नाही. उरल्या तीन. पन्नासची: एवढ्याशा अंगणात अख्खं खानदान बसवते. दीडशेची: चेहऱ्यासाठी. अडीचशेची: लांबच्यासाठी.
नि. म्हणाला, "मास्तर, दोन तुमी ठेवा, एक मला द्या. आधी तुमी निवडा. हैदराबादला काय बी मिळंल, इथं कुठं मिळणार?"
"तुला कोणती पाहिजे?"
"उरंल ती."
खोटारडा. दीडशे त्याची, साऱ्या मानवत गावाला ठाऊक आहे. त्यानं काढलेल्या चेहऱ्यांना मी फक्त रीटचिंग केलं.

२४ नोव्हें., रविवार
तिन्ही लेन्सा लावून बघितल्या. रोल एक.
अडीचशे: शाळेच्या गच्चीवरून कापसाच्या गाड्या. एक जण जुवावर डोकं टेकून झोपलेला. त्याला पत्ता नाही, मला निवांत. नि. चिडवायचा, "मास्तर, तुमाला माणसं लांबूनच आवडत्यात."
पन्नास: खाली गाड्यांत शिरलो. जवळ जावं लागतं, हात-दोन हात. एका गाडीवाल्यानं विचारलं, "काय पायजे?" कॅमेरा मिटून परत.
दीडशे: कुणाचा काढावा? गल्ली आठवली, शाळा आठवली. रविवारी येऊन समोर बस असं ज्याला म्हणता येईल असा निसारच. त्याला कसं म्हणू? शेवटी आरशात स्वतःचाच काढला. ओठ आवळलेले. एकच फ्रेम.

२८ नोव्हें., गुरुवार
नामांतराच्या मोर्च्यामुळं बाजार दुपारीच बंद झाला, शाळाही सुटली. शटर अर्धं ओढून दोघं आत बसलो.
सांगून टाकलं. "दीडशे आणि अडीचशे माझ्याकडं. पन्नास तू ने."
तो म्हणाला, "हौ. ठीक हाय." मऊ फडक्यात पन्नास गुंडाळली, दोरा बांधला. मग चहा सांगितला.
खरं कारण इथं तरी लिहावं. दीडशे मला लागत नाही. तो जायलाय म्हणून ठेवली.

१ डिसेंबर, रविवार
पेडगाव. दिवाळीच्या आधीपासून कबूल केलेलं काम. नि. सामान बांधण्यात, म्हणून एकटाच गेलो. शंकररावांच्या घरी चौघे भाऊ, सुना, लेकरं आणि मधी त्यांचे वडील, आबा. लय वर्षांनी सारे एकत्र. आबांची तब्येत बरी नाही, म्हणून घाई.
अंगण चिंचोळं. ऐंशी लावून मागं मागं गेलो तर पाठ गोठ्याच्या भिंतीला लागली. तरी दोन्ही कडेची माणसं बाहेर. शेवटी दोन-दोन भाऊ करून दोन फोटो. धाकटी सून म्हणाली, "मंग एकत्र कसं म्हणायचं?" बरोबर होतं तिचं.
नंतर आबा एकटे, दीडशेवर. चेहरा कसा, उन्हाळ्यातल्या रानासारखा भेगाळलेला. पण दगड. मान खाली घालून कॅमेऱ्याच्या काचेत बघत मी नुसता "हलू नका, हलू नका" म्हणत राहिलो. आबाच म्हणाले, "त्यो बोलणारा सायेब न्हाई आला का?"
नि. असता तर म्हाताऱ्याला पहिल्या बैलाचं नाव विचारलं असतं. तो म्हाताऱ्यांना हटकून हेच विचारतो. नाव सांगता सांगता माणूस हसतो, की त्यानं बटण दाबलंच.
परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर. दीडशे जड लागली.

३ डिसें., मंगळवार
अर्धी रजा टाकली. दीडशे खिशात घालून स्टेशन. नि., भाभी, तीन ट्रंका, गादीची वळकटी. गाडी यायला अवकाश होता.
लेन्स पुढं केली. "ही तुझी. चुकलं माझं."
घेतली नाही. विचारतो काय, "पेडगावचं कसं झालं? समदे बसले का फोटोत?"
"नाही बसले. दोन तुकडे केले."
"आन् आबा?"
"दगड."
तो खाली बसला, मधली ट्रंक उघडली. भाभी ओरडल्या, "अजी गाडी आयेगी, क्या करते?" कपड्यांखालून पन्नास काढून माझ्या हातावर ठेवली. "हिकडची अंगणं न्हानी हायत, मास्तर. ही तुमालाच लागंल."
"मग दीडशे तरी ने."
"राहू द्या. मी येऊन नेतो."
"कधी?"
गाडी आली. ट्रंका चढवताना माझा अंगठा चेमटला. त्यानं खिडकीतून काहीतरी सांगितलं, ऐकू आलं नाही. मी मान हलवली.
तिन्ही लेन्सा माझ्याकडं. माझ्यासारखा कंगाल कोणी नाही.

८ डिसें., रविवार
पन्नास घेऊन परत पेडगाव. कुणी बोलावलं नव्हतं. दोघे भाऊ कामाच्या गावी निघून गेलेले. जेवढे होते तेवढे बसवले, सारे बसले. आबा बाजेवरच. शंकरराव म्हणाले, "मागल्या टायमाला ही काच का न्हाई आणली?"
मी काच पुसायला घेतली.

२२ डिसें., रविवार
गंगाखेड. थोरली बहीण, अक्का, हिच्या शेजारच्यांकडं लग्न. पन्नास लावून मांडवात माणसांच्या इतकं जवळ की हळदीचा वास. घाम फुटला. नवरीच्या आजोबांना धीर करून विचारलं, "तुमच्या पहिल्या बैलाचं नाव काय होतं?"
म्हणाले, "आमी सोनार हाव."
सारा मांडव हसला. आजोबाही. मीही. तेवढ्यात बटण दाबलं.
अक्का म्हणाली, "तू कधीपासून बोलायला लागलास रे?" रात्री राहा म्हणत होती. राहिलो नाही. का नाही राहिलो?

१९ जानेवारी १९८६, रविवार
नि.चं पत्र. मराठीत, त्याच्या गोल गोल अक्षरात. तब्येत बरी. नातू मिशा ओढतो. जावयाकडं सगळं काम छोट्या रोलचं, रंगीत. हा काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना पाकिटं देतो. "अपना कॅमेरा पेटीत हाय. ऐंशी लावून एक-दोनदा काढला. चेहरा घ्यायला जवळ गेलं की नाक मोठं येतंय, म्हणून ठेवून दिला."
दीडशेबद्दल एक अक्षर नाही. येण्याबद्दल पण नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
शाळेतले जोशीसर बुधवारी हैदराबादला जायलेत. म्हणाले, "काही न्यायचं असेल तर द्या, नेऊन पोचवतो."
दीडशे काढली. मागची-पुढची काच पुसली, कापसात ठेवून डबा बांधला. वर त्याचं नाव लिहिलं. परत सोडला.
पाठवली तर तो पेटीतला कॅमेरा काढील. कुणालातरी समोर बसवील, हसवील. काउंटरवर कुढत बसायचा नाही.
पाठवली तर त्याला इकडं यायला कारणच उरत नाही.
जोशीसरांना कळवतो म्हणालो. बुधवारपर्यंत वेळ आहे.